रविवार आमच्या भाषेत आला तेव्हा



तुमच्या गावात आठवडा कशावरून ओळखतात? बहुतेक ठिकाणी बाजारावरून. नाशिक शहरात गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो, म्हणून बुधवार लक्षात राहतो. तुमच्या गावात तो दुसऱ्या वारी भरत असेल. बाजाराखेरीज दुसरी खूण म्हणजे देवाचा वार. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, रविवार खंडोबाचा. उपास कोणत्या वारी आणि कुणी धरायचा, हे घरातली बाईच सांगते. म्हणजे घराचा आठवडा चालतो तो बाईच्या आठवणीवर.

आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या कॅथलिक बाया. आमचाही आठवडा असाच वारांनी बांधलेला आहे. आज या कार्यक्रमात तो आठवडा आणि त्यामागचा इतिहास तुम्हाला सांगायचा आहे. कुणाला धर्म शिकवायचा आमचा विचार नाही. शेजारणीच्या घरात काय चालते ते शेजारणीला माहीत असावे, एवढाच हेतू. आणि त्यातली एक गोष्ट खास तुमच्या गटांसाठी आहे. आमच्या उपासनेत मराठी कुठून आली, आणि ती आल्यावर बाईचा आवाज कुठून कुठे पोचला, ती गोष्ट.

आमचा आठवडा

एका चर्चच्या हद्दीत जी कुटुंबे येतात, त्या सगळ्यांचे मिळून एक धर्मग्राम होते. बोलताना आम्ही पॅरिश म्हणतो. पॅरिशचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्या दिवशी मिस्सा असते. मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना. आधी बायबलमधली वाचने होतात, मग फादर प्रवचन करतात, मग गावासाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी प्रार्थना होते. त्यानंतर वेदीवर भाकर आणि द्राक्षरस अर्पण करतात आणि शेवटी सगळे रांगेने जाऊन कम्युनियन घेतात. द्राक्षांच्या मोसमात बागेत रविवारीही काम असते, म्हणून ज्यांना मजुरीवर जायचे असते त्या बाया पहाटेच स्वयंपाक उरकून मिस्सेला येतात. मिस्सेच्या आधी किंवा नंतर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. तो घेणाऱ्या बहुतेक बायाच.

मधल्या वारांचेही आपापले काम असते. बुधवारी पुष्कळ चर्चमध्ये नित्य साहाय्यमातेची नोव्हेना होते. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये १९४८ साली ही बुधवारची नोव्हेना सुरू झाली आणि तिथून ती गावोगाव गेली. माहीमला बुधवारी सगळ्या धर्मांचे लोक जातात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. शुक्रवार येशूच्या मरणाचा वार, म्हणून उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते आणि संध्याकाळी क्रूसाची वाट चालतात. चौदा थांबे, प्रत्येक थांब्यावर गुडघे टेकून प्रार्थना. महिन्याचा पहिला शुक्रवार येशूच्या पवित्र हृदयाचा. शनिवार मरियामातेचा. त्याच दिवशी चर्च झाडायचे, वेदीवरची वस्त्रे धुऊन इस्त्री करायची, फुले लावायची आणि रविवारच्या गाण्यांचा सराव करायचा. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी वस्तीतली दहा-पंधरा घरे एकाच घरी जमतात, बायबलमधला उतारा वाचतात, आणि कुणाच्या घरी काय अडचण आहे तेही बोलतात. तुमच्या बचत गटाच्या बैठकीसारखेच, फक्त हिशोबाच्या वहीऐवजी मध्ये बायबल असते.

आणि रोजची रोझरी. रोझरी म्हणजे जपमाळ. दहा मण्यांचा एक संच, असे पाच संच. प्रत्येक संचाला येशूच्या आणि मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा. त्यालाही वार आहेत. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडले. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. तेव्हा माळ घेऊन बाया या घरून त्या घरी जातात. हा रोझरीचा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

रविवार आला कुठून?

आम्ही रविवारी जे करतो ते किती जुने आहे? इसवी सन १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाचे एक ख्रिस्ती विचारवंत होते. ख्रिस्ती लोक जमून काय करतात याबद्दल तेव्हा लोकांना संशय असे. म्हणून त्यांनी सरळ लिहून ठेवले की, रविवारी शहरातले आणि खेड्यातले लोक एका जागी जमतात. वाचन होते, प्रमुख बोलतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवतात. शेवटी ज्याला जमेल तो दान देतो, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले यांना मदत होते. आज आमच्या पॅरिशमध्ये क्रम तोच आहे. विधवेची आणि आजाऱ्याची आठवण हा उपासनेचाच भाग होता, नंतर जोडलेले समाजकार्य नव्हते.

तेव्हा रविवारी सुट्टी नव्हती. लोक जमत आणि पुन्हा कामाला जात. सुट्टीचा कायदा आला ३२१ साली, रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याच्या काळात. रविवारी न्यायालये आणि कारखाने बंद, शहरातल्या लोकांना विश्रांती. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली, का तर पेरणीचा दिवस टळला तर हंगाम जातो. म्हणजे सुट्टीच्या पहिल्याच कायद्यातून शेतकरी बाहेर राहिला! मैत्रिणींनो, सतराशे वर्षे झाली, पण शेतात राबणाऱ्या बाईला अजून रविवार नाही हे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या राज्यात कामगारांना रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मुंबईच्या गिरण्यांत सातही दिवस काम चाले. १८८४ पासून त्यांनी आठवड्यातून एक सुट्टी मागितली. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारसाठी बाया बोलल्या होत्या, एवढे आपण ध्यानात ठेवू.

आमची माणसे इथे कशी आली

नाशिक जिल्ह्यातले कॅथलिक एका घरातून आलेले नाहीत. काही रेल्वेबरोबर आले. १८६५ साली थळ घाटातून गाडी वर चढली आणि इगतपुरी, मनमाड, पुढे भुसावळ इथे रेल्वेच्या वसाहती झाल्या. त्यांत गोव्याकडची कॅथलिक माणसेही होती. देवळालीला लष्कराची छावणी होती. पुढे नाशिकरोडला नोटा आणि टपाल तिकिटे छापणारे सरकारी छापखाने आले, ओझरला विमानांचा कारखाना आला. नोकरीसाठी वसई, मंगळूर, केरळ, तमिळनाडू इथून कुटुंबे आली. त्यामुळे शहरातल्या चर्चमध्ये रविवारी एक मिस्सा इंग्रजीत आणि एक मराठीत असे आढळते.

पण आमच्यातल्या पुष्कळ घरांची मुळे इथल्याच मातीत आहेत, नगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या खेड्यांतल्या महार आणि मांग वस्त्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन येशूसंघीय फादर नगर जिल्ह्यात आले. तो काळ मोठ्या दुष्काळांचा होता. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ. आमची माणसे भुकेपोटी ख्रिस्ती झाली असे कुणी म्हणते. भूक होती हे खरेच आहे. पण त्याबरोबर शाळाही होती, औषध होते, आणि पंगतीत शेजारी बसू देणारे कुणीतरी होते. ज्या माणसाला गावाच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याने हे का धरले असेल, ते समजायला फार विद्वान असावे लागत नाही.

याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायाही होत्या. तो काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. येवलाही आपल्याच जिल्ह्यात. म्हणजे देवाच्या दारात कुणी यायचे, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही.

चर्चमध्ये हा प्रश्न पूर्ण सुटला का? नाही. एका रांगेत कम्युनियन घेणारी माणसे सोयरीक जुळवताना जात विचारतात, हे आम्ही पाहतो. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्येही जातिभेद उरला असल्याची कबुली आहे. आणि सरकारदरबारी पाहाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो हक्क मिळाला. ख्रिस्ती झालेल्याची वस्ती तीच राहिली, काम तेच राहिले, फक्त दाखला गेला.

१८८६ साली पुण्याचा धर्मप्रांत झाला. त्यातून १५ मे १९८७ रोजी नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे जिल्हे त्यात येतात. थॉमस भालेराव हे येशूसंघीय फादर नाशिकचे पहिले बिशप झाले. आडनावावरूनच कळते की घरचा माणूस त्या जागी बसला. नाशिक-पुणे रस्त्यावरचे बाळ येशूचे मंदिर तुम्ही पाहिले असेल. दर फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते आणि नवस बोलायला सगळ्या धर्मांच्या बाया येतात. तशीच श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाऊलीची यात्रा, सप्टेंबरमधली. माऊली हा शब्द आपल्या सगळ्यांचाच आहे, तो आम्ही मरियेलाही लावला.

वेदीवर लॅटिन, ओठांवर मराठी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

आमच्या आज्या चर्चमध्ये जात तेव्हा मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. जगभर तशीच. फादर वेदीकडे तोंड करून उभे राहत, पाठ लोकांकडे. पुष्कळशा प्रार्थना ते हळू आवाजात म्हणत. उत्तरे देत ती वेदीसेवक मुले, तीही लॅटिनमध्ये, पाठ करून. शुभवर्तमानाचा अर्थ आणि प्रवचन तेवढे मराठीत. मग आज्या काय करत? हातात माळ घेऊन खाली बसत आणि ओठांत रोझरी म्हणत. वेदीवर एक भाषा चाले, आणि चटईवर दुसरी.

मराठी ख्रिस्ती साहित्याला तोटा होता असे मात्र नाही. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय फादरांनी १६१६ साली क्रिस्तपुराण छापले, मराठी ओव्यांत. ते लोकांना वाचून दाखवत, लोक ते गात. आमच्या भागात १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातल्या केंदळ गावी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. एका खेड्यातून निघालेले मासिक, आणि त्याने शंभरी पार केली! पुढे हेच डोरिंग पुण्याचे बिशप झाले.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर उपासनाच मराठीत होई. तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांचे नाव ऐकले असेल. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. नवरा ख्रिस्ती झाला, त्या आधी झाल्या नाहीत, मग आपल्या विचाराने झाल्या. शाळेत न गेलेली ही बाई पुढे लिहू लागली. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांनी सुरू करून अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही त्यांनी पुढे नेले. त्या कॅथलिक नव्हत्या, पण आम्ही त्यांना आमच्याच समजतो. देवाशी आणि माणसांशी आपल्या घरच्या मराठीत बोलता येते, हे त्यांनी लिहून दाखवले.

आमच्या घरांत तोपर्यंत काय चालले होते? खेड्यात फादर रोज नसत. घोड्यावरून, सायकलवरून, नंतर मोटारसायकलवरून ते गावोगाव फिरत. मधल्या दिवसांत गावची प्रार्थना सांभाळत ते मिशनच्या शाळेचे मास्तर आणि घरातल्या बाया. संध्याकाळी दिवा लागला की आजी माळ काढी. नातवंडे भोवती बसत. येशूने शिकवलेली प्रार्थना, मरियेला नमन, दहा आज्ञा, हे सगळे मुलांना पाठ झाले ते आजीच्या तोंडून ऐकून. अक्षरओळख नसलेल्या बाईला अख्खी रोझरी येत होती, कोणत्या वारी कोणते प्रसंग तेही येत होते. आणि हे सगळे मराठीत.

म्हणून आम्ही असे म्हणतो की, मराठी आमच्या वेदीवर बाहेरून आणून ठेवलेली नाही. ती आमच्या आज्यांच्या ओठांवर होतीच. तिला घरातून वेदीपर्यंत चालत जायला वेळ लागला.

दार उघडले

१९६२ साली रोममध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी परिषद सुरू झाली. तिला दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणतात. तीन वर्षे ती चालली. ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. बाजूने २१४७ मते पडली, विरोधात फक्त ४. त्यात म्हटले होते की लोकांनी उपासनेत समजून-उमजून, सक्रिय भाग घ्यावा, आणि त्यासाठी लोकांच्या भाषेला जागा द्यावी. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. त्यानंतरच्या वर्षांत मिस्सा मराठीत होऊ लागली. फादर लोकांकडे वळले. पहिल्यांदा त्यांचा चेहरा समोर आला, आणि ते काय म्हणतात ते कळू लागले.

१९६९ साली भारतासाठी आणखी बारा गोष्टींना रोमची मान्यता मिळाली. चपला काढून जमिनीवर बसावे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार करावा, मेणबत्तीऐवजी तेलाची समई चालेल, आरती ओवाळता येईल, चुंबन घेण्याऐवजी वस्तूला हात लावून तो डोळ्यांना लावावा. आमच्या आज्यांना यात नवीन काही शिकायचे नव्हते. हात कसे जोडायचे आणि आरती कशी ओवाळायची हे त्यांना चांगलेच येत होते. शिकावे लागले ते फादरांना!

पण त्या परिषदेतली दुसरी बाजूही सांगू. दोन हजारांहून जास्त बिशप तिथे बसले होते. सगळे पुरुष. पहिली दोन वर्षे बायाच नव्हत्या. १९६४ मध्ये काही स्त्रियांना बोलावले, शेवटी त्यांची संख्या २३ झाली. त्यांना नाव होते 'श्रोत्या'. ऐकायचे, मत द्यायचे नाही. ग्रामसभेत मागच्या बाजूला पदर ओढून बसलेल्या बायांची आठवण झाली ना?

एकेक पायरी

बाईसाठी वेदी किती लांब होती ते ऐका. चर्चचे १९१७ चे नियम असे होते की, मिस्सेत सेवा करायला पुरुष नसेल तरच बाईने उत्तरे द्यावीत, तीही लांबून, आणि तिने वेदीजवळ अजिबात जाऊ नये. त्या नियमांत बाईने डोके झाकावे आणि शक्यतो पुरुषांपासून वेगळे बसावे असेही होते. म्हणजे वेदीवरचे वस्त्र धुवायला बाई चाले, मिस्सेच्या वेळी तिथे उभी राहायला चालत नसे.

मिस्सा आपल्या भाषेत आल्यावर वाचन करायला माणसे लागू लागली. लॅटिन फक्त फादरांना येई, मराठी आम्हालाही येत होती. १९७० च्या सुमारास बायबलमधले पहिले वाचन बाईने करायला परवानगी मिळाली, पण सुरुवातीच्या नियमात वेदीच्या कठड्याबाहेरच्या कामांचीच मुभा होती. १९७३ साली ठरले की गरज असेल तिथे सामान्य माणूस, आणि बाईसुद्धा, कम्युनियन देऊ शकेल. आजाऱ्याच्या घरी कम्युनियन नेणारी बाई तेव्हापासून दिसू लागली. जस्टिन यांनी लिहिलेले आठवते ना, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवतात? १९८३ च्या नव्या नियमांत डोके झाकण्याची सक्ती उरली नाही. आम्ही अजून पदर घेतो, पण तो आमच्या रिवाजाने. १९९४ मध्ये मुलींना वेदीसेवा करायची वाट मोकळी झाली. त्याच १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हेही ठामपणे सांगितले की स्त्रियांना धर्मगुरूपद देण्याचा चर्चला अधिकार नाही. एक दार उघडले, आणि दुसऱ्याला कडी लागली.

जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे कायमची आणि रीतसर स्त्रियांसाठी खुली केली. तोवर बाई वाचत होती, पण सवलतीने. आता ती पदाने वाचू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोममध्ये बिशपांची सभा झाली, तेव्हा पहिल्यांदा स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. ५४ स्त्रियांना. १९६४ च्या श्रोत्यांपासून मतापर्यंत यायला ५९ वर्षे लागली.

आमच्या वस्तीत याचा अर्थ काय झाला? मागच्या चटईवर ओठ हलवणाऱ्या आजीची नात आज रविवारी पुढे जाऊन वाचते. तिला आधी सराव करावा लागतो. संदेष्ट्यांची अवघड नावे येतात, ती दोन दिवस आधी मोठ्याने वाचून बघावी लागतात. ध्वनिक्षेपकासमोर पहिल्यांदा उभे राहिल्यावर पाय थरथरतात. आमच्यातल्या किती जणी याच वाचनाने धीट झाल्या, आणि मग ग्रामसभेत उठून पाण्याच्या टाकीबद्दल विचारू लागल्या. ज्या बाईला तीनशे माणसांपुढे यशयाचे वाचन करता येते, तिला ग्रामसेवकापुढे अर्ज वाचायला भीती वाटत नाही.

तरी अजून पुष्कळ बाकी आहे. चर्च झाडणाऱ्या, फुले लावणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या, वस्तीत रोझरी चालवणाऱ्या बहुतेक बाया. पॅरिशच्या समितीत खर्चाचा आकडा ठरतो तेव्हा मात्र पुरुषांचेच आवाज आधी ऐकू येतात. कधी कधी आम्हीच म्हणतो, "फादर, तुम्ही ठरवाल तसे." ही सवय मोडायची आहे, आणि ती रोमहून पत्र येऊन मोडणार नाही.

तुमच्या गटासाठी

मैत्रिणींनो, ही फक्त आमची गोष्ट नाही. पंचायतीत १९९३ पासून बाईला राखीव जागा आल्या. आपल्या राज्यात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. पण खुर्चीवर बाई आणि कागद वाचणारा तिचा नवरा, असे आपण पाहिले आहे ना? आमच्या इतिहासातून आम्हाला तीन पायऱ्या दिसतात. पहिली भाषेची. समोर काय चालले आहे ते आपल्या भाषेत कळले पाहिजे. दुसरी आवाजाची. ते आपण मोठ्याने वाचले, बोलले पाहिजे. तिसरी मताची. ठरवताना आपला हात मोजला गेला पाहिजे. आमच्याकडे पहिली पायरी चढून झाली, दुसरीवर आम्ही उभ्या आहोत, तिसरीवर एक पाऊल पडले आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढे करून पाहा. इतिवृत्त कोण वाचते ते बघा. दर वेळी एकच शिकलेली बाई वाचत असेल, तर वही दुसरीच्या हातात द्या. अडखळली तरी चालेल. जिला अक्षर येत नाही तिला तोंडी सांगू द्या. आमच्या आज्यांना अक्षर येत नव्हते, पण सगळी रोझरी त्यांनीच जपली आणि आमच्यापर्यंत पोचवली.

रविवारी सकाळी कधी आमच्या चर्चवरून जाणे झाले, तर क्षणभर थांबा. आत कुणीतरी बाई वाचत असेल. ती मराठी तुम्हाला कळेल, कारण ती तुमचीही आहे.